तुकडोजी महाराजांच्या काळात नसलेले लाल औषध

नागपूरहून अमरावतीकडे निघाले की वाडी मागे पडते आणि त्याच रस्त्यावर पुढे मोझरी लागते. तिथल्या गुरुकुंजात दरवर्षी पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसे मौन पाळतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी देह ठेवला. वय अवघे ५९, आजार कर्करोगाचा.

यावलीत १९०९ साली गरीब घरात जन्मलेला माणिक आडकोजी महाराजांकडे गेला आणि ‘तुकड्या’ झाला. हातात खंजिरी घेऊन गावोगाव फिरला. १९३५ मध्ये गुरुकुंज उभे राहिले, १९४२ मध्ये तुरुंगवास घडला, १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेचे बोलावणे आले. ग्रामगीतेत त्यांनी देवाइतकीच जागा गावाच्या स्वच्छतेला आणि आरोग्याला दिली. कर्करोगापुढे मात्र त्या काळी डॉक्टरांकडेही मोजकीच साधने होती.

त्याच दशकात इटलीत मातीतल्या जिवाणूपासून लाल रंगाची औषधे निघाली. त्यांतले डॉक्सोरुबिसिन आजही स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा अशा आजारांत वापरतात. त्याने असंख्य जीव वाचवले. पण ते हृदयाच्या स्नायूलाही इजा करते. हृदयाच्या पेशी जवळजवळ नव्याने तयार होत नाहीत, त्यामुळे गेलेली पेशी सहसा भरून येत नाही. नुकसान प्रत्येक डोसागणिक साठत जाते. म्हणून आयुष्यभरातल्या एकूण मात्रेचा हिशेब ठेवतात. शरीराच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो.

रक्तवाहिन्यांचे दुखणे वेगळे, आणि त्याची चर्चाही कमी होते. फ्लुरोयुरॅसिलने हृदयाच्या धमन्या अचानक आकसून छातीत कळ येऊ शकते. सिस्प्लॅटिनने वाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते, गुठळ्या होतात. बेव्हॅसिझुमॅबने रक्तदाब चढतो.

या भीतीने केमो नाकारणे शहाणपणाचे नाही, कारण हाती न घेतलेला कर्करोग थांबत नाही. हृदयाला धोका असलेली औषधे सुरू करण्यापूर्वी आणि नंतरही इको काढून घ्यावा, बीपी व साखर ताब्यात ठेवावी. नागपुरात प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला महाराजांचेच नाव आहे. अशा कुठल्याही रुग्णालयातून बरे होऊन घरी आलेल्याने डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या मात्रांचे कागद जपून ठेवावेत. दहा वर्षांनी जिना चढताना दम लागला, पायांवर सूज आली, तर नव्या डॉक्टरांना ते कागद आधी दाखवायचे असतात.