विचारले म्हणून कळले

श्रीनिवास रामानुजन यांच्या गणितातले मला काही कळत नाही. मी बँकेतून निवृत्त झालेला, कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पण मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर हिशेब लिहिणारे रामानुजन मला जवळचे वाटतात. त्याहून जवळचे वाटतात केंब्रिजला शिकायला गेलेले रामानुजन.

१७ मार्च १९१४ रोजी ते बोटीत बसले. शेंडी आधीच कापली होती. ते साहेबी रूप दृष्टीस पडू नये म्हणून आईला आणि पत्नी जानकीला त्यांनी अगोदरच मद्रासहून गावी धाडले होते. शिष्यवृत्ती वर्षाला २५० पौंडांची. त्यातले ५० घरासाठी. वर ट्रिनिटी कॉलेजचे ६० पौंड. प्रोफेसर हार्डींसारखा गुणग्राहक पाठीशी. कागदावर सारे ठीकठाक होते.

प्रशांतचंद्र महालनोबिस तेव्हा केंब्रिजमध्येच शिकत होते. पुढे १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे तेच हे. रात्री ऊब मिळते ना, असे त्यांनी सहज विचारले. रामानुजन ओव्हरकोट घालून, शाल लपेटून झोपत आणि तरीही कुडकुडत. महालनोबिस यांनी खोलीत जाऊन पाहिले, तर पलंगावर ब्लँकेटे होती. पण कडेने घट्ट खोचलेली. ती उचकटून आत शिरायचे असते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते!

जेवणाचेही तसेच. ते कडक शाकाहारी, स्वयंपाक हाताने करीत. १९१४च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि भाजीपाला दुर्मिळ झाला. एकदा घरी जेवायला आलेल्या पाहुण्यांनी आणखी रस्सम नको म्हटले, तर हे मनाला लावून घेऊन कुणाला न सांगता चार दिवस ऑक्सफर्डला निघून गेले.

१९१७मध्ये त्यांनी अंथरूण धरले. १९१८मध्ये रॉयल सोसायटीचा आणि ट्रिनिटीचा मान मिळाला, १९१९मध्ये ते मायदेशी परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले.

आज आपली मुले परदेशी शिकतात. फोनवर आपण फी भरली का, पैसे पोचले का, हे विचारतो. मार्क मुले आपणहून सांगतात. अडते ते इतके बारीक असते की सांगायची लाज वाटते. तेव्हा पुढच्या फोनवर एवढेच विचारा : रात्री काय पांघरतोस? काल कुणाबरोबर जेवलास?