घड्याळ उघडा, आत हान्स भेटेल!

समजा, तुमच्या मोबाइलवर एका जुन्या मनगटी घड्याळाचा फोटो आला. विकणारा सांगतोय, १९१५ सालचं रोलेक्स आहे, पहिल्या महायुद्धातल्या एका अधिकाऱ्याचं. चांदीची केस, पांढरीशुभ्र डायल, डायलवर नाव आणि नावाच्या वर छोटासा मुकुट. किंमत तुमच्या वर्षभराच्या फीएवढी. आज नाही घेतलं तर उद्या दुसरं कुणीतरी नेईल, असंही वर सांगतोय. घ्यायचं का?

थांबा. पैसे पाठवण्याआधी एका माणसाला भेटा. हान्स विल्सडॉर्फ. हे घड्याळ ज्याच्या कंपनीचं म्हणून विकलं जातंय, तो हाच. त्याच्या आयुष्यातलं जवळजवळ प्रत्येक वळण त्याच्या घड्याळांवर कुठेतरी उमटलंय. त्याची गोष्ट नीट कळली, तर फोटोतलं घड्याळ खरं बोलतंय की नाही, हे तुम्हालाच कळेल.

हान्सचा जन्म १८८१चा, जर्मनीतल्या बव्हेरियात, कुल्मबाख गावी. बारा वर्षांचा असताना आई आणि वडील दोघंही गेले. मामा-काकांनी घरचा धंदा विकून टाकला, पैसे मुलांच्या नावे ठेवले आणि हान्सला बोर्डिंग शाळेत घातलं. तिथे त्याचं गणित आणि भाषा पक्क्या झाल्या. १९००च्या सुमारास तो स्वित्झर्लंडमध्ये ला शो-द-फों या घड्याळांच्या गावात नोकरीला लागला. काम काय, तर इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळायचा आणि रोज शेकडो खिशातल्या घड्याळांना चावी देऊन ती वेळ बरोबर दाखवतायत का, ते बघायचं. कंटाळवाणं वाटतं ना? पण कुठलं घड्याळ का मागे पडतं, हे त्याला याच कामात कळलं.

१९०३मध्ये तो लंडनला निघाला आणि वाटेतच त्याचे वारशाचे ३३ हजार मार्क चोरीला गेले. परक्या शहरात पुन्हा शून्यापासून सुरुवात. तरी दोन वर्षांत, १९०५ साली, त्यानं मेहुणा आल्फ्रेड डेव्हिस याच्यासोबत ‘विल्सडॉर्फ अँड डेव्हिस’ ही कंपनी काढली. मशीन स्वित्झर्लंडमधल्या बीएल गावच्या एग्लर यांच्याकडून यायचं आणि विक्री लंडनमधून व्हायची. त्या काळी पुरुष खिशात घड्याळ ठेवायचे, मनगटावरचं घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना समजला जायचा. हान्सनं पैज लावली ती नेमकी मनगटावर.

आता पहिली खूण. त्या काळातल्या घड्याळाचं पाठचं झाकण उघडलं, की आतल्या बाजूला ‘डब्ल्यू अँड डी’ ही अक्षरं सापडू शकतात. शिवाय १९०७च्या जूनपासून ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या सोन्या-चांदीच्या केसवर तिथल्या तपासणी कार्यालयाचा हॉलमार्क सक्तीचा झाला. त्यात धातूची शुद्धता असते आणि एक अक्षरही असतं. हे अक्षर दरवर्षी बदलायचं. म्हणजे अक्षर, त्याचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार कोष्टकाशी ताडून बघितला, की केस कुठल्या वर्षी तपासली गेली ते समजतं. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा हे अक्षर मोलाचं. मात्र हा छाप ब्रिटनमध्ये विकलेल्या घड्याळांवरच असतो, हे लक्षात ठेवा.

‘रोलेक्स’ हे नाव हान्सनं १९०८ साली नोंदवलं. छोटं, कुठल्याही भाषेत उच्चारता येणारं आणि डायलवर मावणारं नाव त्याला हवं होतं. पण इथे गंमत आहे. नाव मिळालं, तरी ब्रिटिश दुकानदार ते डायलवर येऊ देईनात. डायलवर त्यांना स्वतःच्या दुकानाचं नाव हवं असायचं किंवा कोरी जागा. मग हान्सनं सहा घड्याळांच्या पेटीत एकावर नाव टाकलं, पुढे दोनांवर, असं करत करत वर्षं घालवली. सगळ्या घड्याळांवर नाव यायला १९२०चं दशक अर्धं सरलं. म्हणून १९१५च्या घड्याळाची डायल कोरी असेल तर दचकू नका. उलट ठळक, ताजं नाव दिसलं, तर डायल नंतर रंगवली आहे का, हे विचारा.

१९१४मध्ये लंडनजवळच्या क्यू वेधशाळेनं त्याच्या एका छोट्या मनगटी घड्याळाला ‘अ’ वर्गाचं प्रमाणपत्र दिलं. ४५ दिवस वेगवेगळ्या स्थितींत आणि तापमानांत तपासणी झाली होती. एरवी हा मान जहाजांवरच्या मोठ्या घड्याळांचा. मनगटावरचं घड्याळही अचूक असतं, हे कागदावर सिद्ध झालं. आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालायला वेळ नव्हता, त्यामुळे मनगटी घड्याळ पुरुषांचं झालं. पण हान्स जन्मानं जर्मन. लंडनमध्ये जर्मन नावांबद्दल संताप होता. १९१५च्या शेवटी कंपनीच्या नावातून ‘विल्सडॉर्फ’ गेलं आणि ‘रोलेक्स’ आलं. त्याच वर्षी ब्रिटननं आयात घड्याळांवर जबर कर लावला. अखेर युद्धानंतर त्यानं कारभार जिनिव्हाला हलवला.

मुकुटाचं चिन्ह नोंदवलं गेलं १९२५ साली. आता फोटोतली डायल पुन्हा बघा. १९१५चं घड्याळ आणि डायलवर मुकुट? लागला ना मेळ?

पुढच्या खुणा पटापट बघू. १९२६ला पाणी आत न जाणारी ‘ऑयस्टर’ केस आली. तिची चावी स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसते. १९२७च्या ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ ही तरुणी इंग्लिश खाडीत पुन्हा उतरली, तेव्हा हे घड्याळ तिच्या गळ्यात होतं. थंडीमुळे त्या वेळी तिला पोहणं अर्धवट सोडावं लागलं, घड्याळ मात्र चालू राहिलं. हान्सनं त्याची पानभर जाहिरात केली. पण रोज चावी द्यायची, तर ती रोज उघडावी लागणार आणि घट्ट करायची राहिली तर पाणी आत. त्यावर उपाय म्हणून १९३१मध्ये हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसणारं ‘परपेच्युअल’ आलं. तारखेची खिडकी असलेलं ‘डेटजस्ट’ १९४५चं. म्हणजे डायलवरचा प्रत्येक शब्द एक साल सांगतो आणि घड्याळ त्याच्या आधीचं असूच शकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावण्यांतल्या ब्रिटिश कैद्यांनी पत्र लिहून घड्याळ मागवलं, तर तो पाठवून द्यायचा, पैसे युद्धानंतर. अशा घड्याळासोबत पत्रही टिकलं असेल, तर त्याची किंमत वेगळीच. नुसती अधिकाऱ्याची गोष्ट ऐकवली जात असेल, तर कागद मागा.

१९५०च्या दशकातलं घड्याळ बघताय? पट्टा काढायला लावा. केसवर पट्ट्याच्या दोन टोकांच्या जागी नंबर असतात, एका बाजूला मॉडेलचा आणि दुसऱ्या बाजूला त्या घड्याळाचा. पण दशकाच्या मध्याला नंबर संपत आल्यावर पुन्हा खालून सुरू झाले, म्हणून एकट्या नंबरावर विसंबू नका. त्या काळातल्या पाठच्या झाकणात बऱ्याचदा रोमन अंक आणि वर्ष असतं, म्हणजे त्या वर्षाची कितवी तिमाही. दोन्ही जुळतात का बघा. डायलच्या तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ असेल, तर ती ट्रिटियमची खूण, १९६०च्या दशकापासूनची. १९५५च्या घड्याळात ती दिसली, तर डायल बदललेली आहे.

रंगवलेल्या डायलला जगभरचे शौकीन एक नाव देतात, ‘मुंबई स्पेशल’. आपल्याकडे जुनी घड्याळं दुरुस्त करून, रंगवून चालवायची सवय जुनी. घालायला असं घड्याळ घेण्यात काही वाईट नाही. फक्त मूळ घड्याळाची किंमत त्याला देऊ नका.

हान्सची पत्नी फ्लोरेन्स १९४४ला गेली. त्यांना मूल नव्हतं. त्यानं आपल्या नावे एक प्रतिष्ठान उभं केलं आणि कंपनीतले आपले सगळे शेअर्स त्याला दिले. ६ जुलै १९६०ला जिनिव्हात त्याचं निधन झालं. कंपनी आजही त्या प्रतिष्ठानाचीच आहे.

तेव्हा विकणाऱ्याला उत्तर पाठवा. झाकण उघडून आतला फोटो मागा, हॉलमार्कचा, नंबरांचा आणि मशीनचा. मग तो फोटो ओळखीच्या घड्याळजीला दाखवा. फोटो आला, तर बोलणी पुढे न्या. नाही आला, तर फीचे पैसे फीलाच भरा.