कै. वसंतराव फुलसिंग नाईक

वाशीम जिल्ह्यातील आमच्या मंडळ्यांत ज्यांचे नाव वृद्धांस सांगावे लागत नाही, परंतु तरुणांस सांगणे अगत्याचे झाले आहे, अशा एका पुरुषाचे चरित्र आज आम्ही थोडक्यात देत आहो. वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली ह्या बंजारा तांड्यात झाला. हे गाव यवतमाळ जिल्ह्यात मोडते खरे. परंतु १९०५ पर्यंत पुसद तालुका जुन्या बाशीम जिल्ह्यातच होता. तेव्हा त्यांस आपले म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूखभर फिरणे हा बंजाऱ्यांचा पूर्वीचा धंदा. आगगाडी आली आणि तो बसला. अशा समाजातील हा मुलगा नागपुरास शिकून १९३८ साली बी. ए. झाला व १९४० साली वकिलीची परीक्षा उतरला. १९४१ साली त्यांनी घाटे ह्या ब्राह्मण कुळातील वत्सलाबाईंशी विवाह केला. जातीबाहेर पाऊल टाकणाऱ्यास काय सोसावे लागते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

१९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ साली जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत गेले, आणि १९६० साली महाराष्ट्राचे महसूलमंत्री झाले. जिल्हा परिषदा व पंचायत समित्या १९६२ साली स्थापन झाल्या, त्या त्यांच्याच समितीच्या शिफारशीवरून. ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले, व फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले.

१९६५ साली धान्याची मोठी टंचाई असता त्यांनी पुण्यास शनिवारवाड्यापुढे जाहीर केले की, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण न झाल्यास आपणांस तेथेच फाशी द्यावे. इफ्ताहाच्या नवसाची गोष्ट ज्यांनी वाचली आहे, त्यांस अशी प्रतिज्ञा रुचणार नाही. आम्हांसही ती रुचत नाही. तथापि रयतेच्या भुकेबद्दल आपला जीव तारण ठेवणारे राज्यकर्ते थोडे. संकरित ज्वारीचे बियाणे, विहिरी व बंधारे ह्यांचा त्यांनी ध्यास घेतला. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली त्यांच्याच कारकिर्दीत निघाले. तरी तो शब्द अक्षरशः पुरा झाला असे म्हणवत नाही. १९७२ च्या अवर्षणात परदेशची तांबडी मिलो ज्वारी आणून लोकांस जगवावे लागले.

त्या दुष्काळात लक्षावधी स्त्रीपुरुष खडी फोडण्याच्या व तलावांच्या कामांवर होते. फुकट धर्मदाय न देता मागेल त्यास काम द्यावे, ही विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांची कल्पना. ती राज्यभर लागू केली वसंतरावांच्या सरकारने. पुढे तिचा कायदा होऊन तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

मुख्यमंत्रिपद गेल्यावर, १९७७ साली, काँग्रेसचा देशभर पाडाव होत असता वाशीमच्या मतदारांनी त्यांस लोकसभेत पाठविले. आमचे खासदार असतानाच १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळतात. आणि वाशीम जिल्हा पुन्हा निराळा झाला तो त्याच तारखेस, १ जुलै १९९८ रोजी.