अंथरुणावरचा कारभार

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या रांगांतून रात्री फिरणारी बाई आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. शाळेच्या पुस्तकांनी हे चित्र इतके पक्के करून ठेवले आहे की बाईंचे चरित्र तेथेच संपले असावे, असे वाटते. वस्तुतः क्रिमियाच्या युद्धाच्या निमित्ताने त्या घराबाहेर होत्या पुरती दोन वर्षेही नव्हे. त्यानंतर त्या ५४ वर्षे जगल्या, आणि त्यांतला फार मोठा काळ अंथरुणावर किंवा एका खोलीत गेला. मला सांगायचे आहे ते या दिवा खाली ठेवलेल्या बाईंविषयी.

आधीची हकीकत थोडक्यात सांगतो. १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी जन्म. गावाचेच नाव मुलीला मिळाले. घरची श्रीमंती. रुग्णसेवा हे त्या काळी खानदानी मुलीचे काम नव्हे म्हणून घरच्यांचा विरोध, आणि तरीही १८५१ मध्ये जर्मनीतील कायझरस्वेर्थ येथे घेतलेले शिक्षण. १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ स्त्रियांना घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. तेथे गोळ्यांपेक्षा रोगराईनेच माणसे अधिक मरत होती. मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हाला गेल्या असता त्यांना तापाने गाठले. काही दिवस बाई जगतात की जातात अशी अवस्था होती. त्यातून त्या उठल्या, पण पूर्ववत कधीच झाल्या नाहीत.

१८५६ च्या ऑगस्टमध्ये त्या इंग्लंडला परतल्या. सत्कार टाळले आणि सैन्याच्या आरोग्याच्या चौकशीमागे लागल्या. वर्षभर रात्रंदिवस काम केल्यावर ऑगस्ट १८५७ मध्ये त्या कोसळल्या. छातीत धडधड, धाप, अन्नावरची वासना गेलेली. वय ३७. जलोपचारासाठी त्यांना माल्व्हर्नला नेले. त्या आता थोड्याच दिवसांच्या सोबती आहेत, असे सर्वांना आणि त्यांना स्वतःलाही वाटू लागले. पुढे डिसेंबर १८६१ मध्ये सर्वांत मोठा झटका आला. पाठीच्या कण्यातून असह्य वेदना सुरू झाल्या आणि चालणे बंद पडले. सुमारे सहा वर्षे त्यांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उचलून न्यावे लागे. कातडीखाली अफू टोचण्याचा उपाय तेव्हा नवा होता. त्याने दिवसभर आराम पडतो, असे त्यांनी एका पत्रात नोंदवले आहे.

हा आजार कोणता? येथे चरित्रकारांनी बाईंना फार छळले आहे. कोणी म्हणाले, हा मानसिक विकार. कोणी म्हणाले, आईला आणि बहिणीला दूर ठेवण्यासाठी घेतलेले सोंग. १९९५ मध्ये डी. ए. बी. यंग यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लक्षणे जुळवून दाखवली आणि हा जुनाट ब्रुसेलोसिस असावा, असे मत मांडले. या रोगाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांना माल्टात सापडला तो १८८७ मध्ये, आणि शेळीच्या कच्च्या दुधातून तो पसरतो हे कळले १९०५ मध्ये. बाई तेव्हा ८५ वर्षांच्या होत्या! ज्या रोगाला नावच नव्हते तो त्यांच्या डॉक्टरांना कसा सापडावा? यंग यांचे निदान आता सिद्ध करता येणार नाही हे खरे. पण नाव नाही म्हणून दुखणेच नाही, असे म्हणणारे मला पटत नाहीत.

याला कारण आहे. माझी थोरली बहीण गेली सहा वर्षे अंगदुखीने आणि थकव्याने बेजार आहे. साऱ्या तपासण्या स्वच्छ आल्या. एका डॉक्टरांनी लग्न करून द्या म्हणून सल्ला दिला. नातेवाइकांनी आळशी ठरवले. चौथ्या वर्षी फायब्रोमायाल्जिया हे नाव मिळाले, तेव्हा ताई रडली, आणि ते रडणे दुःखाचे नव्हते. या रोगाच्या आणि दीर्घ थकव्याच्या रोग्यांनी जनजागृतीसाठी १२ मे हाच दिवस निवडला आहे हे तिनेच मला सांगितले. तेथून मी बाईंची चरित्रे वाचू लागलो.

अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण पैशापुरती वापरतो. बाईंनी ती शक्तीला लावली. एका वेळी एकच पाहुणा, तोही आधी वेळ ठरवून. मंत्री असला तरी प्रकृती बरी नसेल तर भेट नाही. रोजचे सहकारी डॉ. सदरलंड यांच्याशीदेखील त्या पुष्कळदा चिठ्ठ्यांवरच बोलत. डॉक्टर खालच्या मजल्यावर, बाई वर, आणि चिठ्ठी जिन्यावरून ये-जा करी. बोलण्याने जेवढे थकायला होते तेवढे लिहिण्याने होत नसे. १८६५ पासून त्या लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील घरात स्थिर झाल्या. उजेडाची खोली, मागे झाडे, आणि अंथरुणावर लोळणाऱ्या इराणी मांजरी. त्यांतल्या एका धिप्पाड मांजराचे नाव बिस्मार्क!

१८५७ च्या आजारानंतर, १८५९ च्या अखेरीस त्यांचे शुश्रूषेवरील टिपणांचे छोटे पुस्तक निघाले. त्यात औषधे फारशी नाहीत. मोकळी हवा, ऊन, स्वच्छता, वेळेवर आणि रुचेल असे अन्न, शांतता यांची चर्चा आहे. दाराबाहेरची कुजबुज रोग्याला मोठ्या आवाजाहून अधिक त्रास देते, असे त्या सांगतात. वर्षानुवर्षे त्याच भिंती पाहणाऱ्याला फुलांचा रंग किंवा खिडकीतून दिसणारे झाड हे नुसते मन रमवणे नव्हे, शरीरालाही त्याची गरज असते. जुनाट रोग्याला लहानसे पाळीव जनावर उत्तम सोबत करते. समाचाराला येऊन, लवकरच बरे वाटेल असा पोकळ धीर देणाऱ्यांवर तर एक अख्खे प्रकरण आहे. आमच्याकडे येणाऱ्या मंडळींना ते वाचून दाखवावे असे ताईचे मत आहे.

आणि या अंथरुणावरून कामे तरी किती! १८६० मध्ये सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा सुरू झाली. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगासाठी ठाण्याठाण्यांतून आलेले कागद बाईंच्या खोलीत चाळले गेले. १८६३ च्या अहवालाने दाखवले की येथील गोऱ्या सैन्यात दर हजारी ६९ माणसे दरवर्षी मरत. हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिला नाही. परंतु मुंबईच्या गव्हर्नरपदावरून १८६७ मध्ये परतलेले सर बार्टल फ्रिअर त्यांच्या भेटीला जात, आणि इकडच्या पाण्याचा, गटारांचा, दुष्काळाचा हिशेब त्या पुढे कित्येक वर्षे मागत राहिल्या.

मात्र बाईंना देवी करण्याचे कारण नाही. आत्या मे यांनी संसार सोडून त्यांची सेवा केली. १८६० मध्ये त्या स्वतःच्या मुलाबाळांकडे परतल्या, तर बाईंनी जवळजवळ वीस वर्षे राग धरला. मंत्री सिडनी हर्बर्ट हे त्यांचे सर्वांत जवळचे सहकारी. त्यांना मूत्रपिंडाचा विकार जडला, काम झेपेना. बाईंनी त्यांना सवलत दिली नाही. २ ऑगस्ट १८६१ रोजी ते वारले. जिच्या दुखण्यावर जगाने विश्वास ठेवावा असे आपल्याला वाटते, तिने दुसऱ्याचे दुखणे मानले नाही. हे वाचून मला फार वाईट वाटले. ताईला मात्र नवल वाटले नाही. दुखणाईत माणसाला आपल्याच वेदनेपलीकडचे ऐकू येईनासे होते, हे तिने अनुभवले आहे, असे ती म्हणाली.

डिसेंबरचा तो मोठा झटका हर्बर्ट यांच्या मृत्यूनंतर चारच महिन्यांनी आला, हेही ध्यानात ठेवावे लागते.

साठीनंतर वेदना हळूहळू ओसरल्या. कृश बाई स्थूल झाल्या, स्वभाव निवळला, तरुण परिचारिकांना त्या चहाला बोलावू लागल्या. मग दृष्टी गेली, स्मृती गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान प्रथमच एका स्त्रीला मिळाला, तेव्हा समोर काय चालले आहे ते त्यांना नीटसे उमगलेही नसावे. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, त्या झोपेतच गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाचा प्रस्ताव घरच्यांनी नाकारला. ईस्ट वेलो या खेड्यातील चर्चच्या आवारात त्यांना आईवडिलांजवळ पुरले आहे. दगडावर त्यांच्यापुरती नावाची दोन आद्याक्षरे आहेत, आणि जन्माची व मृत्यूची तारीख.