चिक चॉकलेट: पडद्यावर आहे, तबकडीवर नाही

मोबाइल हातात आहेच, तर एक काम करा. भगवानदादांच्या ‘अलबेला’तलं ‘दीवाना ये परवाना’ शोधा आणि या वेळी भगवानदादा आणि गीता बाली यांच्याकडे बघू नका. मागच्या बँडकडे बघा. झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेली वादक मंडळी दिसतील. त्यांचा म्होरक्या, ट्रम्पेटवाला, म्हणजे चिक चॉकलेट. आता गाण्याखालची नावं वाचा. संगीत सी. रामचंद्र, गीत राजिंदर कृष्ण, आवाज लता मंगेशकर आणि चितळकर (हे चितळकर म्हणजे पुन्हा रामचंद्रच!). यादी संपली. जो माणूस तुमच्या डोळ्यांसमोर वाजवतोय, त्याचं नाव नाही.

ट्रम्पेट म्हणजे काय, हे खान्देशात कुणाला समजावून सांगायला नको. लग्नसराईत वरातीत जो बँड असतो, त्यात सगळ्यात वरच्या पट्टीत ओरडणारं पितळी वाद्य ते. आमच्या सोनगीरला तर पितळ घरचंच. महामार्गालगत किल्ल्याच्या पायथ्याशी तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचं हे गाव. पण बँडच्या गाडीवर बँड पार्टीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, ट्रम्पेट वाजवणाऱ्याचं नाव तुम्हाला माहितेय का? मलाही नाही. चिकची गोष्ट इथूनच ऐकायची.

त्याचं खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ सालचा, गोव्यात बारदेशातल्या हळदोण्याचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना प्रार्थनेसोबत संगीत वाचायला शिकवत. वाचायला म्हणजे खरोखर वाचायला. पाच रेघांवर लिहिलेले सूर बघून न अडखळता वाजवायचे. व्हायोलिन हातात यायचं, कुणाच्या वाट्याला क्लॅरिनेट, कुणाच्या ट्रम्पेट. आईला वाटायचं, पोरानं मेकॅनिक व्हावं, चार पैसे तरी नेमानं घरात येतील. आपल्याकडे आयटीआय कर म्हणतात ना, तसंच. पोरानं ट्रम्पेट धरलं.

गोव्यात वाजवून पोट भरणं अवघड होतं, म्हणून वादक मुंबई गाठायचे. आणि १९३०च्या दशकातल्या मुंबईत एक वेगळीच हवा होती. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी बँडप्रमुख आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला (नाव क्रिकेट, वाद्य ट्रम्पेट), पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला. स्मिथनं आपल्या बँडमध्ये गोव्याच्या पोरांना घेतलं. चर्चमध्ये कागदावरून वाजवायला शिकलेल्या या पोरांना कागद बाजूला ठेवून वाजवायचं कसं, हे या लोकांनी दाखवलं. जॅझचा जीव तिथेच असतो. धून ठरलेली, पण मधल्या जागेत तुम्ही काय बोलता ते तुमचं. आपल्याकडच्या तानांना, उपजेला सरावलेल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही.

चिकचा देव मात्र मुंबईत नव्हता. तो तबकडीत होता. लुई आर्मस्ट्राँग! १९२५ पासून शिकागोत ‘हॉट फाइव्ह’ या नावानं त्याच्या रेकॉर्ड निघाल्या आणि जगभरचे ट्रम्पेटवाले त्या ऐकून बिघडले. चिकही बिघडला. आर्मस्ट्राँगसारखा घोगऱ्या, खरखरीत आवाजात गायचा, त्याच्यासारखाच पांढरा रुमाल बाळगायचा. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. नक्कल होती का? सुरुवातीला होतीच. पण रेकॉर्ड लावून, सुई पुन्हा पुन्हा मागे नेऊन शिकणाऱ्याला दुसरा गुरू कुठून मिळणार? यूट्यूबवर बघून गिटार शिकणाऱ्यांनी तरी यावर हसू नये.

१९४०च्या दशकात त्याचा स्वतःचा बँड होता, ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’. आधी ताजच्या शेजारचं ग्रीन्स हॉटेल, मग खुद्द ताज. (ग्रीन्स आता नाही, ताजचा उंच टॉवर त्याच जागेवर उभा आहे.) उन्हाळ्यात श्रीमंत गिऱ्हाईक मसुरीसारख्या थंड हवेच्या गावी जायचं, तेव्हा मुंबईचे बँडही सामान बांधून डोंगर चढायचे. त्याच्या बँडच्या स्वतःच्या तबकड्याही निघाल्या. ‘कोन्तेसा’ ही त्यातली एक धून. तिथे लेबलवर त्याचं नाव होतं. हे लक्षात ठेवा.

मग देश स्वतंत्र झाला. १९४९च्या कायद्यानं मुंबई राज्यात दारूबंदी आली. नाचाच्या हॉलमध्ये सरबत पिऊन किती लोक येणार? हॉटेलांचं काम आटलं आणि गोव्याचे वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. तिथे त्यांची गरजही होती. संगीतकाराला चाल सुचायची, तो पेटीवर गुणगुणायचा; पण तीस-चाळीस वादकांनी नेमकं कधी काय वाजवायचं, हे कागदावर उतरवणारा माणूस लागायचा. ते काम ॲरेंजर करायचा आणि पडद्यावर त्याचं नाव आलंच तर सहायक म्हणून यायचं.

पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, हे अशा वादकांना ओळखणारे संगीतकार होते. मराठी घरातला, शास्त्रीय शिकलेला माणूस, पण कान उघडे. त्यांनी हिंदी गाण्यात स्विंग, रुंबा, बाँगो आणले आणि त्यात चिकसारख्या लोकांचा हात होता. १९५१चा ‘अलबेला’ हा त्याचा कळस. ‘शोला जो भडके’वर आजही तुमचे आजोबा खांदे उडवतात की नाही बघा. त्या एका सिनेमात पुणतांब्याचा संगीतकार, दादरचा नायक आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवाला एकत्र आले. माझ्या मते मुंबईच्या त्या काळाचं याहून चांगलं चित्र नाही.

त्याच वर्षी चिक स्वतः संगीतकार झाला. सिनेमा ‘नादान’, नायक देव आनंद, नायिका मधुबाला. तलत महमूदचं ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ ही चाल चिकची. ऐका आणि मला सांगा, यात ट्रम्पेटवाल्याचा दंगा कुठे आहे? इतकी हळुवार चाल ‘भारताच्या आर्मस्ट्राँग’नं केली, हे मला तरी सहज पटलं नव्हतं. पुढे १९५६च्या ‘कर भला’ला त्यानं निसार बज्मी यांच्यासोबत संगीत दिलं. आणि हे निसार बज्मी कुठले? आपल्या जळगाव जिल्ह्यातले! नंतर ते पाकिस्तानात गेले आणि तिथले मोठे संगीतकार झाले. म्हणजे गोव्याचा एक आणि खान्देशातला एक, दोघांनी मिळून केलेला सिनेमा आहे आणि आपल्याकडे त्याची आठवण कुणी काढत नाही.

संगीतकार म्हणून चिकची गाडी फार पुढे गेली नाही. मदन मोहन यांच्याकडे त्यानं सहायक म्हणून काम केलं, बँड चालू ठेवला. १९६६ मध्ये चेतन आनंद यांच्या ‘आखरी खत’मध्ये तो पुन्हा पडद्यावर दिसला. राजेश खन्नाचा हा पहिला सिनेमा. क्लबमध्ये तरुण भूपिंदर ‘रुत जवाँ जवाँ’ गातोय, संगीत खय्याम यांचं, आणि ट्रम्पेट घेऊन चिक. या गाण्यात तो ‘अलबेला’सारखा मागे उभा नाही, गाण्याला उत्तर देतोय. पुढच्याच वर्षी, मे १९६७ मध्ये, मुंबईत तो गेला. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

माणूस गेला, रेकॉर्ड राहिल्या. पण कुठे आणि कशा?

जुनी तबकडी कशी बनायची ते बघा, सोनगीरकरांना आवडेल. स्टुडिओत मेणाच्या चकतीवर सुई आवाजाची खोबण कोरायची. मग त्या मेणावर विजेच्या साहाय्यानं तांबं, निकेल असा धातूचा थर चढवायचा. तो सोलून काढला की उलटा साचा तयार. त्या साच्यातून लाख मिसळलेल्या लगद्याच्या काळ्या तबकड्या दाबून काढायच्या, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. म्हणजे आवाजाचा मूळ ठेवा धातूत. धातूला भंगारात भाव असतो, हे तुम्हाला सांगायला नको. साचा नसेल, तर जुनं संगीत पुन्हा काढणाऱ्या लेबलला कुणाच्या तरी घरात टिकलेली तबकडी शोधावी लागते.

जॅझच्या जगात हे काम मोठ्या कंपन्यांपेक्षा छोट्या, स्वतंत्र लेबलांनी जास्त मनापासून केलं. अमेरिकेतल्या मोझेइक रेकॉर्ड्सनं २००९ मध्ये आर्मस्ट्राँगची १९३५ ते १९४६ मधली डेका कंपनीची रेकॉर्डिंग एकत्र काढली. अशा संचात कुठल्या तारखेला, कुठल्या गावात, कोण काय वाजवत होतं, हे सगळं छापलेलं असतं. ड्रमवाल्याचंसुद्धा नाव. आपल्याकडचंही कुणीतरी केलं, पण ते इंग्लंडमधल्या माणसांनी. १९८०च्या दशकात हार्लेक्विन या छोट्या लेबलनं १९२६ ते १९४४ या काळातलं भारतातलं जॅझ आणि नाचाचं संगीत एका एलपीवर पुन्हा आणलं. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवर ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्यासोबत जुन्या रेकॉर्डिंगची सीडी दिली. ग्रेगरी बूथ हे न्यूझीलंडमधले अभ्यासक मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना भेटत राहिले आणि २००८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्याच बूथ यांनी आधी वरातीच्या बँडवाल्यांवर अख्खं पुस्तक लिहिलंय, हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटली.

आणि आपल्या कंपन्या? जुनी गाणी त्यांनी भरपूर विकली. कॅसेटवर, सीडीवर, रिमिक्स करून. रिमिक्स म्हणजे खरं तर वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेले आवाज पुन्हा नव्यानं जुळवणं. १९५१च्या गाण्यात ट्रॅक एकच. गायक, व्हायोलिन, ट्रम्पेट सगळे एकत्र चिकटलेले. म्हणून आपल्याकडे रिमिक्स म्हणजे नवा गायक घ्यायचा किंवा जुन्याच आवाजाखाली ढोलाचा ठोका टाकायचा, असं झालं. त्यात पहिला बळी जातो तो ट्रम्पेटचा. खरखर काढण्याची घाई झाली तरी तेच. खरखर आणि ट्रम्पेटची वरची चमक शेजारी शेजारी राहतात, एकीला पुसलं की दुसरीही पुसली जाते. आता एकत्र झालेला आवाज सुटा करणारी सॉफ्टवेअर आली आहेत. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चं २०२२चं रिमिक्स तसंच केलंय. ‘अलबेला’तलं ट्रम्पेटही उद्या कुणी असं वेगळं काढू शकेल.

कायद्याची गंमतही ऐका. आपल्याकडे रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९५१च्या रेकॉर्डिंगवरचा २०११च्या अखेरीस संपला. चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे चिकच्या ‘नादान’मधल्या चालींना २०२७ संपेपर्यंत संरक्षण आहे. पण संगीतकार म्हणून. जे त्यानं ट्रम्पेटवर वाजवलं, त्यावर त्याला कधीच काही नव्हतं. वादक-गायकांच्या सादरीकरणाचा हक्क आपल्या कायद्यात १९९४ला आला. म्हणून गाणं पुन्हा काढताना त्याचं नाव छापायची सक्ती कुणावर नाही. छापायला पैसे पडत नाहीत, तरी छापत नाहीत.

राहता राहिल्या घरातल्या तबकड्या. आजोबांच्या माळ्यावर, जुन्या पेटीत असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी बघा. लेबलवरचा क्रमांक आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत भागात ठसवलेले आकडे, दोन्ही टिपून ठेवा. कुठलं रेकॉर्डिंग आहे हे त्यावरून शोधता येतं. लाखेच्या तबकडीला एलपीची बारीक सुई लावू नका, तिला जाड सुई लागते. पुसायची तर साबणाच्या सौम्य पाण्यानं, लेबल भिजू न देता. स्पिरिट अजिबात वापरू नका, त्यात लाख विरघळते.