सुभेदार रामजींच्या अर्जावर चित्रपट कोण काढणार?

एप्रिल महिना उजाडला की आमच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावाकडे गाड्या वळू लागतात. बाबासाहेबांचे हे मूळ गाव. स्मारकापुढे माथा टेकला जातो, फोटो निघतात, पुढाऱ्यांची भाषणे होतात. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या वेळचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद हेही येथे येऊन गेले. परंतु बाबासाहेबांचा जन्म काही या गावात झाला नाही. तो झाला शेकडो मैलांवर, महूच्या लष्करी छावणीत. कोकणातल्या डोंगरकपारीतले सकपाळांचे घराणे महूच्या छावणीत गेले कसे? हा प्रश्न गर्दीत सहसा कोणी विचारत नाही. या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे आयुष्य.

आज रामजींविषयी लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. आमची तरुण पोरे आता हातात कॅमेरा घेऊन इतिहासाकडे वळली आहेत. सोमनाथ वाघमारे यांनी २०१७ साली भीमा कोरेगाववर माहितीपट केला. तो कोणत्याही मोठ्या स्टुडिओच्या जिवावर केलेला नव्हता. याचा आम्हाला अभिमान आहे. मात्र आमच्या लोकांशी बोलताना एक गोष्ट जाणवते. आमचा लष्करी इतिहास म्हटला की सर्वांच्या डोळ्यांपुढे तलवारी, घोडे आणि तोफांचा धूरच येतो. लढाई संपल्यावर त्या शिपायाचे काय झाले, त्याच्या अंगावरचा गणवेश उतरवून त्याला परत गावकुसाबाहेर कोणी नेऊन बसवले, हे पडद्यावर यायला नको का? बाबासाहेबांवरील बहुतेक चित्रपटांत रामजी बालपणाच्या भागापुरते येतात. पहाटे मुलाला उठवणारे कडक वडील आणि कबीराची भजने, एवढ्यात त्यांना आटोपले जाते. त्यापेक्षा साधूने केलेल्या भविष्यवाणीचा प्रसंग दिग्दर्शकांना अधिक प्रिय! बाबासाहेब भविष्यवाणीने घडले नाहीत, छावणीतल्या शाळेने आणि एका मास्तर-सुभेदाराने घडवले.

मंडणगड तालुक्याच्या टोकाला सावित्री नदी समुद्राला मिळते, तेथे बाणकोटचा किल्ला आहे. १७५५-५६ च्या सुमारास इंग्रजांनी तो घेतला आणि त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. कोकणाच्या या पट्ट्यातून कंपनीच्या मुंबई फौजेत महारांची भरती होत गेली. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली कोरेगावला जे लढले त्यांत हे लोक होते. तेथील स्तंभावर 'नाक' या शेवटाची नावे कोरलेली आजही वाचता येतात. त्या नावांवरूनच काही मंडळी आम्हाला देशद्रोही ठरवू पाहतात, आणि १ जानेवारी २०१८ रोजी तेथे जाणाऱ्या आमच्या माणसांवर दगड पडले. ज्या राजवटीने माणसाची सावलीही विटाळ मानली, तिच्याविरुद्ध बंदूक उचलणाऱ्याने कोणत्या देशाशी द्रोह केला? कंपनी काही आमची मावशी नव्हती, हेही आम्ही जाणतो. तिला स्वस्तात काटक शिपाई हवे होते. पण त्या व्यवहारात महाराच्या पोराच्या हाती पहिल्यांदा तीन गोष्टी आल्या: रोख पगार, पाटी-पेन्सिल आणि म्हातारपणी पेन्शन.

रामजींचे वडील मालोजी हे असेच फौजेत गेलेले. रामजींचा जन्म १८४८ च्या सुमाराचा, म्हणजे जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली त्या काळातला. त्यांचे शिक्षण छावणीत झाले. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या मुलामुलींना शिकणे सक्तीचे होते, मोठ्यांसाठी रात्रीच्या शाळा होत्या. गावच्या शाळेत ज्यांना पायरी चढता येत नव्हती, त्यांच्या घरच्या बायकाही छावणीत वाचू लागल्या. रामजींनी पुण्यात लष्कराच्या शिक्षक शाळेत शिक्षण घेतले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. आमच्या चित्रकर्त्यांनी येथे थोडे थांबावे. सुभेदार म्हणून रामजींच्या हातात तलवार होती, पण त्यांचे खरे हत्यार खडू होते. त्यांना जोतीराव फुल्यांविषयी आदर होता. कबीरपंथाची दीक्षा होती. दारू-मांसाला शिवायचे नाही हा घराचा नेम होता. पत्नी भीमाबाई मुरबाडकडच्या, त्यांचे वडीलही फौजेत सुभेदार. या जोडप्याला चौदा मुले झाली, त्यांतील पाचच मोठी झाली. चौदावा भीमराव, जन्म १४ एप्रिल १८९१.

भीमराव दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच सरकारने फौजेची नवी मांडणी केली. १८९२-९३ च्या त्या फेररचनेत महारांची भरती बंद झाली. कारण काय दिले? हे लोक लढवय्या जातीचे नाहीत! लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींनी उचलून धरलेला लढवय्या वंशांचा सिद्धांत तो हाच. ज्यांच्या पराक्रमाचा स्तंभ याच सरकारने उभारला, त्यांचे रक्त पाऊणशे वर्षांत पातळ झाले काय? खरी मेख वेगळीच होती. जातवार पलटणी करायचे ठरले आणि वरच्या जातीचा शिपाई महार सुभेदाराला सलाम कसा ठोकणार हा पेच पुढे आला. तो सोडवण्यासाठी सरकारने सलाम घेणाऱ्यालाच बाहेर काढले. इंग्रजांचा वर्णद्वेष आणि आमच्याकडची वर्णव्यवस्था यांनी येथे एकमेकांच्या हातावर टाळी दिली.

रामजींची स्वतःची नोकरी पुरी होत आली होती. बंदीने त्यांच्या ताटातला घास जात नव्हता, तो पुढच्या पिढीच्या ताटातला जात होता. त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेऊन या बंदीविरुद्ध सरकारकडे अर्ज तयार करवला, असे बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. त्याच काळात महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त हवालदार दापोलीत बसून 'अनार्य दोषपरिहारक मंडळी'च्या वतीने १८९४ चा अर्ज लिहीत होते. पुढे १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांपर्यंत मजल मारली. रामजी आणि वलंगकर ही पेन्शनर माणसे. बंदूक जमा केलेली, हातात दौत-टाक. आमच्या चळवळीची सुरुवात या अर्जांतून झाली. पण अर्जावर कोणी पोवाडा रचत नाही.

जगात मात्र अशा शिपायांवर चित्रपट निघाले आहेत. सेनेगलचे उस्मान सेम्बेन हे स्वतः दुसऱ्या महायुद्धात फ्रेंचांच्या फौजेत शिपाई होते. त्यांनी थिएर्नो फाटी सो यांच्यासोबत १९८८ साली 'कॅम्प द थियारोय' हा चित्रपट केला, तोही फ्रान्सचा पैसा न घेता, सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशिया यांच्या मदतीने. फ्रान्ससाठी लढून, जर्मनांच्या कैदेत राहून परत आलेले आफ्रिकी शिपाई डाकारजवळच्या थियारोयच्या छावणीत ठेवले जातात. ते आपला थकलेला पगार मागतात, तर त्यांचे पैसे निम्म्या दराने बदलून देण्याची भाषा होते. त्यांचे चांगले कपडे काढून घेऊन त्यांना पुन्हा जुना वसाहती गणवेश चढवला जातो. १ डिसेंबर १९४४ च्या पहाटे फ्रेंच फौजेने आपल्याच या शिपायांवर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३५ मृतांचा होता, इतिहासकार त्याहून कितीतरी अधिक सांगतात. त्याला हत्याकांड म्हणायला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना २०२४ साल उजाडावे लागले. वर्षानुवर्षे हा चित्रपट फ्रान्सच्या डोळ्यांत खुपत राहिला तो काही उगाच नाही.

या चित्रपटात बराच वेळ लढाई नाहीच. पगार, टोपी, जेवणातला पदार्थ, हिशेबाचा कागद यांवरच तो उभा आहे. गुलामी म्हणजे नुसता साखळदंड नव्हे. ज्याने रक्त सांडले त्याला हिशेबाच्या मेजापाशी पुन्हा खालचा ठरवणे हीही गुलामीच, हे सेम्बेन यांनी दाखवले. याउलट अमेरिकेतील मोठ्या स्टुडिओचा १९८९ चा 'ग्लोरी' पाहा. अमेरिकी यादवी युद्धातील काळ्या सैनिकांच्या पलटणीची गोष्ट. त्यांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार देऊ केला तेव्हा त्यांनी तो नाकारला, हे त्यात आहे. परंतु सारी कथा त्यांच्या गोऱ्या कर्नलच्या डोळ्यांतून चालते. उद्या कोणी आमच्यावर मोठ्या भांडवलाचा चित्रपट काढला, तर त्यातही स्टाँटनसाहेबच नायक आणि आमचे पूर्वज मागे उभे राहून मरणारे, असे होणार नाही याची हमी कोण देणार? हैले गेरिमा यांच्या 'सांकोफा' या गुलामगिरीवरील १९९३ च्या चित्रपटाला अमेरिकेत वितरक मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतः थिएटरे भाड्याने घेऊन तो काळ्यांच्या वस्त्यांत दाखवला. आमच्या वस्त्यांत पडदा बांधून चित्रपट दाखवणे नवे नाही. बुद्धविहाराचे अंगण आहे, समाजमंदिर आहे. दाखवायला रामजींची गोष्ट हवी.

आणि ती गोष्ट निवृत्तीनंतर खरी सुरू होते. छावणीच्या फाटकातून बाहेर पडलेला सुभेदार बाहेरच्या जगात पुन्हा फक्त महार असतो. रामजी काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले. तेथे अनेक लष्करी पेन्शनर वस्तीला होते. मग साताऱ्याला नोकरी धरली. तेथेच १८९६ मध्ये भीमाबाई गेल्या. मुलांना आत्या मीराबाईंनी सांभाळले. पाठीने अधू असलेल्या या बाईचे ऋण आम्ही कधी नीट मोजलेच नाही. सुभेदाराचा मुलगा शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. न्हाव्याने हात लावायचा नाही म्हणून त्याचे केस बहीण कापत होती.

१९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळी कामावर रोखपाल असलेल्या वडिलांना भेटायला मुले चांगले कपडे घालून निघाली, स्टेशनवर घ्यायला कोणी आले नाही, जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवान दुप्पट पैसे घेऊनही गाडीत बसेना, आणि रात्रभर पाणी मिळाले नाही. हा प्रसंग आपण नेहमी लहान भीमाच्या बाजूने ऐकतो. तो एकदा रामजींच्या बाजूनेही पाहावा. मुलांचे पत्र आल्याचे नोकराने त्यांना सांगितलेच नव्हते. सकाळी दारात तहानेने कोरडी पडलेली पोरे उभी. पंचवीस वर्षे सरकारची इमाने चाकरी केलेल्या माणसाच्या हुद्द्याने पोरांना घोटभर पाणी मिळाले नाही. त्या सकाळी या बापाला काय वाटले असेल, ते कोणत्याही चरित्रात नाही. नटाच्या चेहऱ्यावर ते दिसू शकते.

रामजींना देव करू नये. त्यांनी दुसरे लग्न केले ते लहान भीमरावाला मुळीच रुचले नाही. त्याने मुंबईच्या गिरणीत जाऊन स्वतः कमवायचे ठरवले आणि भाड्यासाठी आत्याच्या कनवटीची पिशवी लांबवली, तर तीत अर्धा आणाच निघाला! रामजी मुलांकडून रामायण-महाभारताचे पाठ करून घेत, आणि त्या ग्रंथांतील माणसांवर हाच मुलगा वडिलांना उलटे प्रश्न विचारी. त्या घरात असे प्रश्न विचारता येत होते, ही काय लहान गोष्ट झाली?

पुढे मुंबईत लोअर परळची डबक चाळ आणि मग परळची बीआयटी चाळ. एका खोलीत संसार, भांडी, जळण, आणि अभ्यासही तेथेच. रामजी स्वतः रात्री जागत आणि दोनच्या सुमारास मुलाला उठवून अभ्यासाला बसवत. त्यांनी तर्खडकरांच्या पुस्तकावरून त्याचे इंग्रजी पक्के करून घेतले. मुलगा पुस्तक मागे आणि खिशात पैसे नसत. मग हा म्हातारा सुभेदार लग्न झालेल्या लेकीकडे जाई, तिचा दागिना मागून आणी, तो सावकाराकडे गहाण ठेवी, आणि पेन्शन आली की सोडवून परत करी. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. त्या सभेत रामजी कोठे बसले होते, अंगावर काय होते, हे आम्हाला पडद्यावर पाहायचे आहे.

बी.ए. झाल्यावर भीमरावाने बडोद्याची नोकरी धरली, ती वडिलांच्या मनाविरुद्ध. संस्थानच्या फौजेत त्याला लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला. हुद्दा आणि जात यांचा हिशेब रामजींनी आयुष्यभर पाहिला होता, म्हणून त्यांना धास्ती होती. पंधरवडाही नीट गेला नाही तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरत स्टेशनवर उतरला आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी तो पोहोचला तेव्हा रामजींचे डोळे दाराकडेच लागले होते. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. २ फेब्रुवारी १९१३.

महारांच्या भरतीवरील बंदी त्या दिवशीही कायम होती. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी झाली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. त्या वर्षी सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर रामजींचा चौदावा मुलगा बसला होता.