गुंता पाहणारा डॉक्टर : अलॉइस अल्झायमर

‘अल्झायमर’ म्हटलं की आपल्याला आठवतो तो विसरण्याचा आजार. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि तो माणूस पाहिलेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवणारा होता, हे किती जणांना माहीत असतं? म्हणूनच हा लेखप्रपंच!

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतल्या मार्क्टब्राइट या छोट्या गावी झाला. वडील नोटरी होते. १८८७ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेऊन पुढच्याच वर्षी ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे त्यांना फ्रान्झ निस्ल हा मित्र भेटला. मेंदूच्या पेशींना रंग देऊन त्या स्पष्ट कशा दाखवायच्या, यात निस्ल पटाईत! दिवसा रुग्ण आणि संध्याकाळी मायक्रोस्कोप, असा दोघांचा दिनक्रम सुरू झाला.

१९०१ साली अल्झायमर यांच्या पत्नी सेसिली वारल्या. पदरात तीन लहान मुलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई रुग्णालयात दाखल झाली. नवऱ्याचं नाव विचारलं तर ती स्वतःचंच सांगायची. ताटात फ्लॉवर आणि मांस, पण काय खातेस विचारलं तर पालक! स्वतःचं नावही तिला पूर्ण लिहिता येईना. अल्झायमर यांनी प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी टिपून ठेवली. तिला बरं करण्याचा उपाय मात्र त्यांच्याकडे नव्हता.

१९०३ मध्ये ते फ्रँकफर्ट सोडून गेले आणि पुढे म्युनिकला एमिल क्रेपलिन यांच्याकडे काम करू लागले. तिथे मायक्रोस्कोपवर बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याजवळ जाऊन ते समजावत बसायचे आणि सिगार तिथेच विसरायचे, असं सांगतात. एप्रिल १९०६ मध्ये ऑगस्ट वारली. तिचा मेंदू त्यांनी म्युनिकला मागवून घेतला, पातळ काप काढले, चांदीच्या क्षारांनी रंगवले. पेशींच्या बाहेर गोळे साचलेले दिसले आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता! नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. सभागृहात एकानेही प्रश्न विचारला नाही. १९१० साली क्रेपलिन यांनी आपल्या पुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. १९१२ मध्ये ते ब्रेस्लाऊला प्राध्यापक झाले, पण तब्येत ढासळत गेली आणि १९ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचं निधन झालं. वय ५१... ऑगस्ट दाखल झाली तेव्हाचंच!

तो गुंता कशाचा होता, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते कळलं १९८६ च्या सुमारास. मेंदूच्या पेशीत माल वाहून नेणारे बारीक रूळ असतात आणि त्या रुळांना जागेवर धरणारं ‘टाऊ’ नावाचं प्रोटीन असतं, अगदी स्लीपरसारखं. पेशीत ‘प्रोटीन किनेज’ नावाची एन्झाइम्सही असतात. एटीपीमधला फॉस्फेट उचलायचा आणि दुसऱ्या प्रोटीनवर बसवायचा, एवढंच त्यांचं काम. आपल्या भाषेत स्विच! नवी आठवण पक्की करायलाही एक किनेज लागतं. पण जीएसके-३, सीडीके-५ यांसारख्या किनेजचं काम बेसुमार वाढलं आणि फॉस्फेट काढणारी एन्झाइम्स कमी पडली, की टाऊवर फॉस्फेटची गर्दी होते. टाऊ रुळांवरून सुटतं आणि एकमेकांत अडकतं. १९०६ मध्ये दिसलेला गुंता तो हाच.

मग किनेज बंद का करत नाहीत? जीएसके-३ ला रोखणारं एक औषध रुग्णांवर तपासलं गेलं, पण फायदा दिसला नाही. शिवाय हेच किनेज शरीरात इतर बरीच कामं करतं. एका मोटारीसाठी अख्ख्या शॉपची मेन स्विच पाडण्यासारखं ते होईल! मात्र निदान सोपं झालंय. २०२५ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी पहिल्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली. ती जे मोजते त्यात फॉस्फेट बसलेलं टाऊही आहे.

ऑगस्टची फाइल फ्रँकफर्टमध्ये १९९५ साली सापडली. त्याच दशकात म्युनिकमध्ये तिच्या स्लाइडही मिळाल्या. नव्याने पाहिलं तर गोळे आणि गुंता, दोन्ही तिथेच होते, लिहिल्याप्रमाणे!

सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवणाऱ्या आपल्या जमातीला यातून घेण्यासारखं बरंच आहे. रीडिंग का आलं हे कळलं नाही तरी आलं तसंच लिहावं. कारण सांगणारा कदाचित ऐंशी वर्षांनी येईल. आणि सुट्टीत घरी गेल्यावर आजी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारू लागली, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. तिच्याजवळ बसा, नीट बघा आणि डॉक्टरांना दाखवा!